बाटलीवरची रेघ

माझ्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीवर एक रेघ असते. काळ्या मार्करची, बारीक, आतल्या द्रवाच्या पातळीला टेकवून मारलेली. कोणी दोन थेंब जरी घेतले तरी मला कळावं, एवढाच तिचा हेतू. वापर झाला की जुनी रेघ स्पिरिटने पुसायची आणि नवी मारायची. मुलं मागे मला 'सीसीटीव्ही मॅडम' म्हणतात हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. ते नाव कोणी ठेवलं, तेही मी शोधून काढलं होतं.

गोंदियाच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. एकटी राहते. दूधवाला मापात मारतो असा माझा कितीतरी वर्षांचा दावा आहे आणि तो अजून सिद्ध झालेला नाही. गॅसचं सिलिंडर मी दारातच वजन करून घेते. फोनवर कोणी गोड आवाजात 'कशा आहात मॅडम' म्हणालं, की मी आधी विचारते, काम काय आहे? स्वभावाला औषध नाही म्हणतात. मी तर कधी डॉक्टरकडेही गेले नाही, कारण हा आजार आहे असं मला वाटतच नव्हतं.

हे सगळं बाबांकडून आलं. आमचं गाव नवेगाव बांधच्या बाजूचं, घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. बाबा गावचे पाणकर होते, म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, किती वेळ सोडायचं ते बघणारा माणूस. धानाच्या दिवसांत पाण्यापुढे भाऊ भावाला ओळखत नाही. तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाला लाकडाचं बूच असे. बाबा त्या बुचाला सणाचा दोर बांधत आणि त्यावर अशी गाठ मारत की दुसऱ्याला ती सोडता येई, पण तशीच परत बांधता येत नसे. सकाळी उठून आधी गाठ बघायची, मग तोंड धुवायचं.

"माणूस लबाड बोलते," बाबा म्हणत, "गाठ नाही बोलत."

गाठ बदललेली दिसली की त्या दिवशी घरात सगळे चिडीचूप. बाबा एकेकाच्या बांधीत जाऊन पाण्यात पाय बुडवून उभे राहत, पाणी किती थंड आहे त्यावरून ते कधी आलं ते ठरवत. बहुतेक वेळा चोर सापडे. कधी सापडत नसे, तेव्हा सगळं गावच चोर असे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई त्यांच्याबद्दल म्हणायची. ती माझ्याबद्दलही तेच म्हणायला लागली, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं.

बाबांच्या हातचा एक दोर मी कपाटात जपून ठेवला आहे. दोन पदरी, हातभर लांबीचे चार तुकडे होतील एवढा. डीएनए शिकवायच्या दिवशी तो वर्गात नेते. एका मुलाच्या हातात एक टोक, दुसऱ्याच्या हातात दुसरं, आणि सांगते, घट्ट धरा, फिरू देऊ नका. मग मधोमध दोन बोटं घालून पदर वेगळे करायला लागते. पदर सुटत जातात तसा पुढच्या भागात पीळ चढत जातो, इतका की दोर स्वतःभोवतीच वळून गोळा होतो. मुलं हसतात. मी म्हणते, हसा, पण तुमच्या पोटातल्या जिवाणूंमध्ये आत्ता हेच चाललं आहे. पेशी डीएनएची नक्कल करताना एक एन्झाइम पदर उलगडत पुढे जातं आणि त्याच्या पुढ्यात पीळ साचतो. तो कोणी उतरवला नाही तर काम ठप्प, आणि पेशी मेली.

जिवाणूंमध्ये हा पीळ सांभाळणाऱ्या एन्झाइमचं नाव गायरेज. ते डीएनएचे दोन्ही पदर कापतं, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग पलीकडे काढतं आणि कापलेलं परत जोडतं. सांधा दिसतसुद्धा नाही. अशा एका फेरीला एटीपीचे दोन रेणू लागतात. एटीपी म्हणजे पेशीचं सरपण. इथे मुलं हमखास चुकतात. त्यांना वाटतं, सरपण कापाकापीला लागत असेल. तसं नाही. कापताना गायरेज तुटलेली टोकं स्वतःशीच बांधून धरतं, त्यामुळे जोडायची ऊर्जा जागच्या जागी शिल्लक राहते. सरपण जळतं ते आपली दारं उघडमीट करायला, म्हणजे डीएनए एकाच दिशेने आत जावा आणि उलटा फिरू नये म्हणून. एटीपी दिलं तर सैल डीएनए पिळून घट्ट होतो. एटीपी काढून घेतलं तरी गायरेज रिकामं बसत नाही, पण मग ते असलेला पीळ हळूहळू सोडवत राहतं. घट्ट करायला ऊर्जा लागते, सैल करायला लागत नाही. हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि खाली दोन रेघा मारते.

गेल्या वर्षी एम.एस्सी.च्या एका मुलीला मी हाच विषय प्रबंधासाठी दिला. मुलगी चिचगडची. देवरीहून पुढे जंगलातलं गाव. आईवडील थोडी शेती करतात आणि बाकी मोह, तेंदू, जे जंगल देईल त्यावर भागवतात. बोलायला अगदी कमी. हात मात्र असा स्थिर की पिपेटच्या टोकाला लोंबणारा थेंब पडेल तो नेमका हवा तिथे पडेल. पहिल्याच दिवशी तिचा हात पाहून मला वाटलं, ही आधी कुठेतरी शिकून आली आहे आणि मला सांगत नाही.

प्रयोग साधा होता. दोन नळ्या. दोन्हींत सैल डीएनए, गायरेज आणि बफर, म्हणजे एन्झाइमला मानवेल असं क्षारांचं पाणी. पहिल्या नळीत एटीपी घालायचं, दुसरीत नाही. मग दोन्ही जेलवर, म्हणजे डीएनए विजेने ओढून नेणाऱ्या मऊ जेलीच्या वडीवर, चालवायच्या. पिळलेला डीएनए आटोपशीर असतो म्हणून जेलमधून भराभर खाली जातो, सैल डीएनए वर रेंगाळतो. पहिल्या नळीची पट्टी खाली दिसायला हवी, दुसरीची वर. त्या दुसऱ्या नळीला मी साक्षीदार नळी म्हणते. तिच्यात काही घडलं नाही, तरच पहिल्या नळीत जे घडलं ते एटीपीमुळे घडलं असं म्हणता येतं.

मार्चमध्ये तिने पहिलं जेल दाखवलं. दोन्ही पट्ट्या खाली होत्या.

"एटीपी दोन्हींत घातलंस," मी म्हणाले.

"नाही मॅडम. एकातच घातलं."

"परत कर."

तिने परत केलं. परत दोन्ही खाली. तिसऱ्यांदा केलं, तेच. सरपण न घालता चूल पेटली होती, आणि तीन वेळा पेटली होती. असं होत नाही. जगात कुठेच होत नाही. तेव्हा कोणीतरी लबाडी करत होतं, आणि खोलीत माझ्याशिवाय ती एकटीच होती.

आमच्याकडे एटीपीच्या दोन बाटल्या असतात. एक रोजची, जिच्यातून मी स्वतः मोजून थेंब देते. दुसरी राखीव, डीप फ्रीझरमध्ये एका कुलूपबंद डब्यात. किल्ली माझ्या पर्समध्ये. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी डबा उघडला आणि राखीव बाटली उजेडात धरली. आतली पातळी रेघेच्या चांगली बोटभर खाली होती.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. बाबांना गाठ बदललेली दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर जो एक प्रकारचा तजेला यायचा, तो मला त्या क्षणी आतून कळला. मग मी तिची कच्ची वही काढली. पक्की वही सगळे सुवाच्य लिहितात, खरं काय ते कच्च्या वहीत असतं. पहिल्या जेलच्या पानावर तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी निळ्या शाईने गच्च खोडलं होतं. एवढ्या नीटनेटक्या मुलीच्या वहीत तेवढी एकच खाडाखोड होती.

कोणी विचारेल, स्वतःचाच प्रयोग बिघडवायला ती एटीपी कशाला चोरेल? हा प्रश्न मला पडला नाही. संशयाला प्रश्न पडत नाहीत, त्याला नुसती उत्तरं सुचतात. मला सुचलेलं उत्तर असं: तिने माझ्या मागे डबा उघडून घाईघाईने प्रयोग केला, गोंधळून दोन्ही नळ्यांत एटीपी घातलं, आणि आता एकदा खोटं बोलली म्हणून दर वेळी तेच खोटं निभावते आहे. डबा कसा उघडला? हेअरपिनने. शिपायाला हाताशी धरून. हैदराबादला जायची घाई म्हणून.

हैदराबादची गोष्ट खरी होती. तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिची संशोधनासाठी निवड झाली होती. जुलैत रुजू व्हायचं होतं, आणि त्याआधी एम.एस्सी.चा निकाल हातात हवा होता. निकालासाठी प्रबंध, आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर 'हे काम माझ्या देखरेखीखाली प्रामाणिकपणे झाले आहे' असं म्हणून माझी सही. मी सही केली नाही तर वर्ष गेलं, आणि हैदराबाद काही वर्षभर वाट बघणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला समोर बसवलं. राखीव बाटली टेबलावर ठेवली, बाजूला वही उघडून ठेवली.

"ही बाटली कोणी उघडली?"

"मले तं मालूम बी नव्हतं मॅडम, का अशी दुसरी बाटली आहे म्हणून." घाबरली की तिची कॉलेजची मराठी गळून पडायची. "किल्ली तं तुमच्यापाशीच राहते नं जी. मी कायले उघडू?"

"मग साक्षीदार नळीत पीळ कसा येतो?"

"तेच तं मले समजून नाही राहिलं. तीन डाव केलं. हात धुऊन केलं, नवीन टिप लावून केलं. काऊन असं होऊन राहिलं, मलेच नाही समजून राहिलं."

मी वहीवर बोट ठेवलं. "इथे काय लिहिलं होतंस? काय खोडलंस?"

ती कानापर्यंत लाल झाली. "काही नाही मॅडम," ती म्हणाली आणि खाली बघत बसली.

खाई त्याला खवखवे. मला हवं होतं ते मिळालं होतं. मी वही मिटली, पुरावा म्हणून राखीव बाटलीसोबत ठेवायची म्हणून बाजूला घेतली आणि तिला सांगितलं, सोमवारी विभागप्रमुखांकडे जाईन, तोवर लॅबमध्ये यायचं नाही. ती उभी राहिली, स्टूल उचलून नीट टेबलाखाली सरकवलं आणि गेली. रडली असती तर मी म्हणाले असते, नाटक करते. रडली नाही, तर मी म्हणाले, किती निगरगट्ट आहे बघा.

पण बाबांनी मला एक चांगली गोष्टही शिकवली होती. चोर पंचायतीपुढे नेण्याआधी आपला पुरावा आपण पाण्यात उभं राहून तपासायचा. तेव्हा शनिवारी मी ठरवलं, प्रयोग स्वतः करायचा. माझ्या हातून साक्षीदार नळी वर राहिली की तिचं खोटं उघडं पडलं. एप्रिल लागला होता, पंखा गरम वारा फेकत होता. मी नवी टिप लावली, डीएनए घेतला, गायरेज घेतलं, बफर घातलं. दुसऱ्या नळीत एटीपी घातलं नाही. दोन तासांनी जेल उजेडात धरलं.

दोन्ही पट्ट्या खाली होत्या.

माणूस इथे तरी शहाणा होईल की नाही? मी झाले नाही. मला वाटलं, जाण्याआधी तिने डिस्टिल्ड वॉटरमध्ये एटीपी टाकून ठेवलं असणार. मी पाण्याची नवी सीलबंद बाटली फोडली आणि सगळं पहिल्यापासून केलं. दुपारचे तीन वाजले. पट्टी पुन्हा खाली. मग गायरेजचा संशय आला, एन्झाइम पाठवणाऱ्या कंपनीचा आला, शिपायाचा तर आधीपासूनच होता. फक्त बफरकडे मी पाहिलं नाही. त्या बाटलीवर रेघ होती आणि पातळी रेघेला बरोबर टेकलेली होती. शिवाय ते मी स्वतः बनवलेलं होतं.

तिसऱ्यांदा सगळं मांडताना शिपाई दारात येऊन उभा राहिला. तो गोंदिया शहरातला, हिंदीच बोलतो. माझ्या तळहातात बफरची गोठलेली बाटली वितळत होती. तो म्हणाला, "मैडम, ये वही वाला है ना? दिवाली के पहले, लाइट गई थी तब आपने बनाया था। मैंने मोबाइल का टॉर्च पकड़ा था।"

"कौन सा वाला?"

"अरे वही, जिसमें आपने छोटी शीशी वाला भी मिला दिया था। बोला था आपने, अब किसी का हाथ ही नहीं लगेगा।"

मी बाटली फिरवली. लेबलवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: बफर, पूर्ण.

मग एकेक आठवत गेलं. दिवाळीआधी पदवीच्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं. मुलं एटीपी सांडतात, जास्त घेतात, बाटली उघडी ठेवतात, असा मला संशय होता. त्यात दुपारी लाइट गेली, फ्रीझर वितळायला लागला. मी राखीव बाटली काढून तिच्यातलं बोटभर एटीपी एकदमच बफरमध्ये मिसळून टाकलं, म्हणजे कोणाला एटीपीला हात लावायची वेळच येऊ नये. 'पूर्ण' म्हणजे एटीपीसकट. अंधार होता, मार्कर सापडेना, राखीव बाटलीवर नवी रेघ मारायची राहिली. दिवाळीची सुट्टी लागली आणि मी विसरले. त्या पदवीच्या मुलांना सगळ्याच नळ्यांत पीळ हवा होता, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही. साक्षीदार नळी पहिल्यांदा या मुलीने लावली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण हा नुसता विसराळूपणा नव्हता, हे मला बसल्या बसल्या कळत होतं. दुसरा कोणी मास्तर असता तर त्याने एटीपी वेगळं ठेवलं असतं आणि मुलांना मोकळेपणाने घेऊ दिलं असतं. हा घोटाळा माझ्याशिवाय कोणाच्या हातून झालाच नसता. मला लाज वाटली. शिपायाला मी 'थँक यू' म्हणाले, तेव्हा तो घाबरल्यासारखा दिसला.

मी तिला फोन लावला. बंद होता. मेसेज टाकला, त्यावर एकच खूण दिसत राहिली. आदल्या दिवसापर्यंत मी म्हणाले असते, मुद्दाम बंद ठेवला आहे. रविवारी सकाळी देवरीची बस पकडली आणि तिथून चिचगडची.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणभर मोहफुलं वाळत पसरली होती आणि त्या गोड वासाने डोकं जड होत होतं. तिची आई फुलं पालथी करत बसली होती. मी कोण ते कळल्यावर लगबगीने उठली, खाट टाकली, पाणी आणलं.

"पोरीनं सांगतलं नाही जी तुमी येता म्हणून. ते गेली झाडाखाली, येतेच आता. तिले चार दिवस सुट्टी देली तुमी, लय बरं केलं. मोहाच्या दिवसात हात कमी पडते."

मी पाणी पीत राहिले. मुलीने घरी काहीच सांगितलं नव्हतं.

"ते म्हणते," आई पुढे सांगत होती, "मॅडम कडक आहेत, पण काम चोख शिकवतात. हैदराबादले जाईन तं मॅडममुळेच जाईन, म्हणते."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "रानात झाडाखाली फुलं पडून राहतात, तुम्ही पोचेपर्यंत दुसरं कोणी उचलत नाही का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच विचारलं होतं. "कायले उचलतील? ते झाड आमचं आहे. बाजूचं त्यायचं आहे. सगळ्यायले मालूम आहे."

"कुंपण वगैरे? काही खूण?"

"खूण कायची जी?"

एवढ्यात ती आली, डोक्यावर टोपली घेऊन. मला बघून थबकली. तिचा चेहरा पाहून मला कळलं, ती समजली होती की मी तिच्या आईला सांगायला आले आहे. मी तिला अंगणाच्या कडेला नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बफर, लाइट, टॉर्च, रेघ. माझं चुकलं, मी म्हणाले. मी तुझ्यावर उगाच आळ घेतला. हे शब्द मी याआधी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही, म्हणून ते तोंडातून नीट निघेनात.

ती ऐकत होती. टोपली अजून डोक्यावरच होती. माझं बोलणं संपल्यावर तिने हळूच विचारलं, "मग बफर नवीन बनवायचं का मॅडम?"

राग नाही, रडणं नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी ती आली. मी पर्समधून किल्ली काढून तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, आता तूच उघड. तिने हात मागे घेतला. "नको मॅडम. किल्ली तुमच्यापाशीच राहू द्या. आणि मी बाटली घेताना तुम्ही बाजूला उभ्या राहा." शुद्ध कॉलेजच्या मराठीत. मी उभी राहिले. तिने बफर बनवलं, एटीपीशिवाय, आणि लेबलवर तसं स्पष्ट लिहिलं. मग बाटलीच्या पातळीला टेकवून स्वतःच रेघ मारली आणि मला दाखवली. माझ्याकडून बाकी काही शिकवायचं राहिलं असेल, पण तेवढं मी तिला पक्कं शिकवलं होतं.

जेल उजेडात धरलं तेव्हा एक पट्टी खाली होती आणि साक्षीदार नळीची पट्टी वर, जिथे असायला हवी तिथे. मी त्याच दिवशी सही केली. निकाल वेळेत लागला, तोंडी परीक्षेत तिला चांगले गुण पडले. जुलैत ती हैदराबादला गेली. जाताना विभागात पेढे वाटले, मला वाकून नमस्कार केला. मी म्हणाले, तिथे काही अडलं तर फोन कर. ती म्हणाली, हो मॅडम. फोन आला नाही. मी दोनदा केला, तिने उचलला, विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली.

नवं सत्र सुरू होताना मी राखीव डबा साफ करायला काढला. डब्याच्या तळाशी, कुलपाच्या आड, तिची कच्ची वही तशीच होती. पुरावा म्हणून मी ठेवली होती आणि परत द्यायची राहिली होती. पानं गारठून ताठ झाली होती. चाळता चाळता पहिल्या जेलचं पान आलं, तळाशी ती खाडाखोड. मी पान खिडकीच्या काचेला लावलं. बाहेर लख्ख ऊन होतं, निळ्या शाईच्या मागून पेन्सिलीची अक्षरं एकेक करून दिसायला लागली.

'बफर मॅडमनी बनवलेले आहे. त्यात काय काय आहे, विचारायचे का?'

आणि त्याखाली, आणखी बारीक अक्षरात:

'नको. मॅडमना वाटेल मी त्यांच्यावर संशय घेते.'